पुन्हा छापलेली चित्रे चांगली की वाईट?

आमच्या वर्गात पुष्कळ मुलांना चित्रे जमवायचा नाद आहे. कोणी क्रिकेटची कार्डे जमवतो, कोणी काडेपेटीवरची चित्रे जमवतो. माझ्या वहीत काडेपेटीची ६३ चित्रे आहेत. त्यात वाघाचे एक जुने चित्र आहे. ते मला मामाने दिले. तसले चित्र दुसऱ्या कोणाकडेच नव्हते. म्हणून मी कोणाला हात लावू देत नसे, लांबूनच दाखवत असे.

मागच्या महिन्यात माझ्या मित्राने ते एका दिवसासाठी मागून नेले. तालुक्याला जाऊन त्याने त्याच्या रंगीत झेरॉक्स काढल्या आणि सगळ्या शाळेत वाटल्या. मला लई राग आला. तो म्हणाला, "अरे, तुझं चित्र तर तुझ्याजवळच हाय. तुझं काय गेलं?" मला उत्तर सुचले नाही. पण मी त्याच्याशी तीन दिवस बोललो नाही.

बाईंना हे कळले. तेव्हा त्यांनी अमेरिकेतली खरी गोष्ट सांगितली. तिकडे बेसबॉल नावाचा दांडू-चेंडूचा खेळ आहे. १९५२ साली टॉप्स कंपनीने त्या खेळाडूंची ४०७ कार्डे काढली. ती च्युइंगमबरोबर मिळत. शेवटची कार्डे उशिरा आली, म्हणून खपली नाहीत. बरीच वर्षे पडून राहिली आणि १९६० साली ती चक्क समुद्रात बुडवली! त्यामुळे लोकांकडे जी होती ती दुर्मिळ झाली. पुढे १९८३ साली त्याच कंपनीने ती पुन्हा छापली. या वेळी ४०२ होती, पाच जणांची कार्डे त्यात नव्हती.

आता कार्डे जमवणारांना आनंद व्हावा की नाही? काहींना झाला. ज्यांना जुनी कार्डे परवडत नव्हती त्यांना ती घरी बघायला मिळाली. काहींना मात्र वाटले, आपण इतकी वर्षे जपले त्याची आता काय किंमत? शिवाय कोणी नवे कार्ड जुने म्हणून गळ्यात मारले तर?

पण कंपनीने एक चांगले केले होते. नवी कार्डे आकाराने थोडी लहान ठेवली आणि मागे लिहिले की ही पुन्हा छापलेली आहेत. आणि जुन्याची किंमत काही गेली नाही. मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ चे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. ऐकून आम्ही सगळे गप्पच झालो.

माझे मत असे आहे की पुन्हा छापायला हरकत नाही, पण दोन गोष्टी पाळाव्यात. ज्याचे चित्र आहे त्याला आधी विचारावे, आणि मागे 'नक्कल' असे लिहावे. न लिहिता दिली तर ती फसवणूक होते.

पहिलीतल्या एका मुलीने माझ्या वाघाची झेरॉक्स पाटीच्या मागे चिकटवली आहे. ती रोज आजीला दाखवते. तिला मी माझे चित्र कधीच धरू दिले नव्हते. ते बघून मला जरा लाज वाटली. मी मित्राशी बोललो. त्यानेही चूक कबूल केली. मग आम्ही दोघांनी सगळ्यांच्या झेरॉक्सच्या मागे पेनाने 'नक्कल' लिहिले.

तरी खरे सांगतो, थोडे वाईट अजून वाटते. आता माझी वही बघायला पूर्वीइतकी गर्दी होत नाही. पण जो येतो त्याला मी चित्र हातात देतो. फक्त हात धुऊन यावे.

पालकांना विनंती आहे की घरातल्या जुन्या काडेपेट्या चुलीत टाकू नयेत. आम्हाला द्याव्यात.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी