पायथॉनचे राज्य कोणाचे?

१२ जुलै २०१८ रोजी गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांना एक छोटेसे पत्र पाठविले आणि जवळजवळ तीन दशके सांभाळलेली सत्ता सोडून दिली. ही सत्ता ‘पायथॉन’ नावाच्या संगणकभाषेवरची होती. १९८९च्या अखेरीस अ‍ॅमस्टरडॅममधील एका संशोधन संस्थेत त्यांनी ती रचावयास घेतली, १९९१ साली ती जगापुढे विनामूल्य ठेवली आणि तेव्हापासून तिच्यात काय असावे व काय नसावे याबाबतचा अखेरचा शब्द त्यांचाच राहिला. सहकाऱ्यांनी त्यांना थट्टेने बहाल केलेली पदवीच मुळी ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ अशी होती. हुकूमशहाने कंटाळून राजीनामा द्यावा आणि त्यामुळे प्रजेनेच हवालदिल व्हावे, हे दृश्य राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

राजीनाम्याचे निमित्त वरवर पाहता क्षुल्लक होते. एखाद्या मूल्याला नाव देणे आणि त्याच मूल्याची कसोटी घेणे ही दोन कामे पायथॉनमध्ये सामान्यतः दोन वेगळ्या ओळींत करावी लागत. ती एकाच ओळीत उरकता यावीत म्हणून अपूर्णविराम आणि बरोबरीचे चिन्ह जोडून एक नवे चिन्ह आणावे, असा ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव २०१८च्या फेब्रुवारीत मांडण्यात आला. समर्थकांच्या मते त्यामुळे तीच गोष्ट दोनदा लिहिण्याचा त्रास वाचणार होता. विरोधकांचे म्हणणे असे की, नवशिक्यालाही वाचताक्षणी उमगावी हेच या भाषेचे वैशिष्ट्य, आणि या चिन्हाने नेमके तेच झाकोळले जाईल. दोन्ही बाजूंना तथ्य होते, आणि म्हणूनच वाद मिटेना. त्यात आणखी एक अवघड गोष्ट घडली. प्रस्तावाच्या कर्त्यांमध्ये पुढे स्वतः व्हान रॉसम यांचेही नाव आले. ज्याने निवाडा द्यावयाचा तोच पक्षकार झाला. निवाडा प्रस्तावाच्या बाजूने लागला. पण तो मिळवताना एवढे झगडावे लागावे आणि शेवटी इतक्यांचा रोष पदरी पडावा, हे पुन्हा नको, असे लिहून ते बाजूला झाले. वारस त्यांनी नेमला नाही. लोकशाही आणा की अराजक, हुकूमशाही की संघराज्य, ते तुमचे तुम्ही पाहा, असाच त्यांच्या पत्राचा रोख होता.

वस्तू जर विनामूल्य आहे, तर तिच्यासाठी इतके भांडण कशाला, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. पायथॉनचा परवाना असा आहे की कोणीही तिची प्रत घेऊन, हवे ते फेरफार करून, आपली वेगळी चूल मांडावी; कोणी आडकाठी करणार नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले होते की, असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आत राहून आवाज उठविणे. बाहेर पडणे जितके महाग, तितके आवाजाचे महत्त्व अधिक. कागदोपत्री पायथॉनमधून बाहेर पडणे फुकट आहे. प्रत्यक्षात ते अतिशय महाग आहे. भाषेचे मोल तिच्या व्याकरणात थोडे आणि तिच्यात लिहिल्या गेलेल्या लक्षावधी आज्ञावल्यांत, पुस्तकांत व शिकलेल्या माणसांत पुष्कळ असते. २००८च्या डिसेंबरमध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली. दुसरीत लिहिलेले बरेचसे लिखाण तिसरीत जसेच्या तसे चालत नव्हते. दुसरीचा पाठिंबा २०१५ साली थांबवावयाचा बेत होता, तो पाच वर्षे लांबवावा लागला आणि अखेर १ जानेवारी २०२० रोजी तो संपला. मूळ कर्त्यांनी स्वतः आखलेल्या स्थलांतराला अकरा वर्षे लागली, तर रुसून निघालेल्या मूठभरांमागे कोण जाणार? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात हीच भाषा शिकविली जाते. तेथील शिक्षकाच्या दृष्टीने तर वेगळी चूल हा पर्यायच नव्हे.

राजीनाम्यानंतर सात पर्यायी घटना लिहिल्या गेल्या. एकीत पुन्हा एकच नेता होता, दुसरीत केंद्रीय सत्ताच नको म्हटले होते, तिसरीत बाहेरच्या मंडळींकडे कारभार सोपविण्याची कल्पना होती. डिसेंबर २०१८मध्ये मतदान होऊन पाच जणांच्या निर्वाचित सुकाणू समितीचा आराखडा विजयी ठरला. पहिल्या समितीत खुद्द व्हान रॉसम निवडून आले. पुढच्या खेपेस मात्र त्यांनी उमेदवारी मागे घेतली. या घटनेतील सर्वांत चाणाक्ष कलम असे की, समितीचे दोनांहून अधिक सदस्य एकाच मालकाच्या नोकरीत असता कामा नयेत. घटनाकारांना खरा धोका कोठून आहे हे नेमके ठाऊक होते.

पण कलमाने खुर्च्यांचे रक्षण होते, पगाराचे होत नाही. व्हान रॉसम गूगलमध्ये होते तेव्हा त्यांचा निम्मा कार्यकाळ पायथॉनसाठी राखून ठेवलेला असे. म्हणजे हुकूमशहाच्या दरबाराचा खर्चही एक कंपनीच उचलीत होती. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि भाषेचा वेग वाढविणारा एक गट त्या कंपनीने पोसला. २०२२च्या ऑक्टोबरमधील आवृत्ती आधीच्या आवृत्तीहून सरासरी सव्वापट वेगाने चालू लागली, यात त्या गटाचा वाटा मोठा. मे २०२५मध्ये कंपनीने नोकरकपात केली तेव्हा याच गटातील काही जणांना घरी बसविण्यात आले. सुकाणू समितीला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. घटनेतील कोणतेही कलम मोडले गेले नव्हते.

इतरत्रही चित्र फारसे वेगळे नाही. ‘रस्ट’ या भाषेच्या समुदायात नोव्हेंबर २०२१मध्ये शिस्त सांभाळणाऱ्या संपूर्ण गटाने राजीनामा दिला. मुख्य गट कोणालाच जबाबदार नाही, ही त्यांची तक्रार होती. तेथेही २०२३ साली नवी नेतृत्व परिषद आली. चिन्हांवरचे वाद बहुधा वर्षा-दोन वर्षांत विसरले जातात. पायथॉनचे ते बदनाम चिन्ह २०१९च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीत आले, आणि आज विद्यार्थी ते निमूटपणे शिकतात. माणसांवरचे वाद मात्र रेंगाळतात.

पायथॉनच्या २०१८च्या त्या निवडणुकीत मतदार शंभरसुद्धा नव्हते. वापरणारे मात्र कोट्यवधी. यात अन्याय आहे असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण येथे मताधिकार कामाने मिळतो. दुरुस्त्या करीत, इतरांच्या दुरुस्त्या तपासत राहिलेल्या माणसाला जुने सभासद आपल्यात घेतात. अडचण एवढीच की, असे काम वर्षानुवर्षे करण्याची फुरसत कोणाला आहे? ज्याचा मालक ती देतो, त्याला. जर्मन सरकारने २०२२पासून अशा सामाईक प्रणालींच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी ठेवला आहे. ज्या विद्यापीठांनी ही भाषा अभ्यासक्रमात घातली, त्यांनाही याहून स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. संगणकशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाचे आठवड्याचे चार तास कमी करून ते या दुरुस्तीच्या कामी लावता येतील आणि ते काम त्याच्या बढतीच्या वेळी संशोधन म्हणून धरता येईल.