उपकरण मिळाले, भाषेचे काय?

कोल्हापूर : मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी चिंता आईने व्यक्त केली, की 'त्याचा बापही उशिराच बोलायला लागला' असे घरातून ठरलेले उत्तर मिळते. भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ या दिलाशातच निघून जातो.

शासकीय व्यवस्था अस्तित्वातच नाही, असे नव्हे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचाही तीत समावेश आहे. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या 'एडिप' योजनेतून गरजू कुटुंबांतील लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते. आयआयटी मुंबईत विकसित झालेले, चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे 'जेलो' हे अॅप मराठीतही विनामूल्य आहे.

असे अॅप हाती दिल्यास मूल बोलण्याचा आळस करील, ही भीती मात्र निराधार आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात, अशी साधने वापरणाऱ्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे घटल्याचे आढळले नाही. उलट बहुतेकांचे वाढले.

खरी अडचण उपकरण मिळाल्यानंतर सुरू होते. यंत्र आवाज पोहोचवते, त्याचा अर्थ शिकवत नाही. इम्प्लांटनंतर ध्वनी ओळखण्यापासून शब्द जोडण्यापर्यंतचा प्रवास वाक्-उपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने आणि घरातील रोजच्या संवादानेच पार पडतो. अॅपवर 'पाणी' दाबणाऱ्या मुलाला कोणी प्रतिसादच दिला नाही, तर ते अॅप खेळणे ठरते. त्यातही चंदगडसारख्या तालुक्यातील पालकांना उपचारांसाठी सुमारे शंभर किलोमीटरवरील कोल्हापूर गाठायचे, तर प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी उपचार अर्धवट सुटले, तर दोष पालकांच्या माथी मारता येणार नाही.

म्हणूनच यशाचे मोजमाप वाटलेल्या उपकरणांच्या संख्येवर न होता, बोलू लागलेल्या मुलांवर व्हायला हवे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातील ठरावीक दिवशी तज्ज्ञ उपलब्ध करणे, मधल्या काळात मोबाइलवरून मार्गदर्शन देणे आणि अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देणे, हे उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या भूमीत एखादे मूल केवळ अंतरामुळे अबोल राहणे शोभणारे नाही.