जीव वाचला, पुढे काय?



या सदरात बियाणे, खते, कीड-रोग यांवर बोलायचा आपला रिवाज आहे. आज विषय जरा निराळा घेतला आहे. शिवारफेरीला गेलो की बहुतेक गावांत एखाद्या घराच्या पडवीत बाजेवर पडून असलेला माणूस दिसतो. विचारले तर घरचे सांगतात, "वारं गेलंय अंगावरून. जीव वाचला, हेच पुष्कळ." किती दिवस झाले? "झालं की वरीस."

त्या वर्षभरात काय केले, हे विचारले की उत्तर थांबते. तेल चोळले, एका देवऋषाकडे नेले, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले तेही केले. सगळे मायेपोटीच. पण त्या माणसाचे जे दिवस सर्वांत मोलाचे होते, ते बाजेवरच गेले. आज लिहायचे आहे ते या दिवसांबद्दल.

पक्षाघात, लकवा, अर्धांगवायू, काहीही म्हणा, दुखणे एकच. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि बहुधा अंगाची एक बाजू लुळी पडते. हे शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचे दुखणे आहे, असा समज असेल तर तो काढून टाका. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिथे दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा होता, आणि त्यांतले बहुतेक जण घरीच दगावले होते.

झटका आल्यावर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. तोंड वाकडे झाले, एक हात वर धरता येईना, बोलणे अडखळले, यांतले एक जरी दिसले तरी घड्याळात वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असेल अशाच रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही ज्यांना चालते त्यांनाच. वाटेत चहा-पाणी काही पाजू नका.

आता पुढचे. मोठ्या रुग्णालयांत पुनर्वसन तज्ज्ञ म्हणून एक डॉक्टर असतात. आपल्याकडे त्यांची ओळखच नाही. कोणी त्यांना मालिशवाले समजते, कोणी 'व्यायामाचे डॉक्टर' म्हणते. वास्तविक एमबीबीएसनंतर तीन वर्षे या एकाच विषयाचे शिक्षण त्यांनी घेतलेले असते. मुंबईत हाजीअलीजवळ या कामाची केंद्र सरकारची संस्था १९५५ सालापासून आहे. जीव वाचवणारे डॉक्टर आपले काम करून बाजूला होतात, आणि माणूस पुन्हा उठावा, जेवावा, बोलावा, परसाकडे एकट्याने जावा, हे काम या डॉक्टरांकडे येते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, उसाचे बागायतदार. त्यांची डावी बाजू गेली तेव्हा अशा एका विभागात पाच आठवडे होते. मी रजा काढून पाळीपाळीने सोबतीला असे. तिथल्या डॉक्टरबाईंची सकाळची फेरी पाहणे म्हणजे शिकण्यासारखे होते. त्यांनी आधी हात-पाय पाहिलेच नाहीत. दाजींना ताठ बसवले, एक चमचा पाणी दिले आणि गळ्याकडे बघत राहिल्या. दाजींना ठसका लागला, आवाज ओला झाला. लगेच तोंडाने देणे बंद केले आणि नाकातून नळी घातली. बहीण रडायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "मावशी, माया म्हणून पाजलेलं पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. आठ-दहा दिवस दम धरा." बाराव्या दिवशी दाजी पातळ खिमट खाऊ लागले.

दुसरी गंमत ताटाची. दाजी ताटातली उजवीकडची भाजी-भाकर संपवायचे आणि डावीकडचे तसेच टाकायचे. आम्हाला वाटले, भूक मेली. डॉक्टरबाईंनी ताट फक्त फिरवले, आणि राहिलेलेही संपले! मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कधी कधी डावीकडचे जगच ध्यानात येत नाही. डोळे ठीक असतात, लक्ष जात नाही. मग त्यांनी आम्हाला मुद्दाम डावीकडे बसायला लावले, तिकडूनच बोलायला सांगितले.

शेजारच्या खाटेवर एक माळकरी बाबा होते. उजवी बाजू गेलेली आणि वाचाही. मुलाचे नाव ओठांवर येईना, पण संध्याकाळी सुनेने हरिपाठ सुरू केला की तिच्यासोबत शब्द निघत. घरच्यांना वाटे, चमत्कार. डॉक्टरबाईंनी समजावले की जन्मभर घोकलेले शब्द मेंदूत निराळ्या वाटेने येतात, त्यांना शाबूत राहिलेली वाट सापडते. बाबांना समजत नाही असे धरून त्यांच्यादेखत वाटणीच्या गोष्टी बोलू नका, असेही ठणकावले. तो इशारा मला फार आवडला.

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग माणूस सुधारतो कसा? मुख्य पाट फुटला तर आपण शेजारच्या पाटाने पाणी वळवतो. पहिल्या पाळीला ते मुरते, झिरपते, टोकाला पोचतच नाही. पाळीमागून पाळी दिली की पाट भिजतो आणि पाणी धावते. तेच इथे. तीच हालचाल शेकडो वेळा, तीही कामाची. म्हणून डॉक्टरबाईंनी पहिल्या आठवड्यातच विचारले, "काका, घरी काय काय करत होता?" दाजी म्हणाले, "म्हशीची धार काढायचो." मग बोटांना थोडा जीव आल्यावर रबरी चेंडूऐवजी पाण्याने भरलेला हातमोजा टांगला, बोटाला भोक पाडून! दाजी रोज ती धार काढत. उंबरठा किती उंच, शौचकूप बसायचा की खुर्चीचा, विहीर किती लांब, हे सारे विचारून घेतले. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे वेग मंदावतो. सरावाने त्यानंतरही फरक पडतो, पण कष्ट जास्त लागतात.

घाईही नको. २०१५ साली परदेशात दोन हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांतच उठवून वारंवार, भरपूर हालचाल करवलेल्यांचा निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा कमी पडला. वाफसा येण्याआधी नांगर घातला तर ढेकळेच निघतात. केव्हा उठवायचे, किती उठवायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. घरच्या माणसांना शिकवून घरीच व्यायाम करवले तर भागेल का, हे आपल्याच देशात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासले गेले. निकाल २०१७ साली आला. नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा "आता घरीच करा" एवढे सांगून कोणी सुट्टी देऊ लागले तर नम्रपणे विचारा : परत दाखवायला केव्हा येऊ? फिजिओथेरपिस्ट कुठे मिळेल? जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात चौकशी करा. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोजगार मला दिसतो आहे. पण घरातला कर्ता माणूस कायमचा बाजेवर राहिला, तर त्याच्यापाशी आणखी एक माणूस अडकतो, आणि तो माणूस बहुधा घरची बाई असते.

घरी मात्र काही गोष्टी आपल्याच हातात असतात. लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निखळतो आणि मग त्या दुखण्यापायी माणूस व्यायामच सोडतो. बसताना तो हात उशीवर ठेवा. स्वतः कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी तुम्ही बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. काही आठवड्यांनी लुळा हात कडक होऊ लागला, मूठ आवळली, तर ताकद आली म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषधे आणि इंजेक्शने आहेत. तेल चोळायचे तर चोळा, हलक्या हाताने. त्याने बरे वाटते, पण पाय चालता होत नाही.

रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. दुसरा झटका बहुधा पहिल्यापेक्षा जड जातो. तंबाखू, मशेरी, बिडी सुटली पाहिजे. आणि माणूस गप्प गप्प राहू लागला, उगाच रडू लागला, जेवण टाकू लागला, तर त्याला हट्टी म्हणू नका. पक्षाघातानंतर तीनांतल्या एकाला तरी उदासीचे दुखणे जडते, आणि तेही औषधाने सुधारते.

दाजी आता काठी घेऊन बांधापर्यंत जातात. डाव्या हाताची बोटे अजून पुरती उघडत नाहीत, त्यामुळे धार बहीणच काढते; वासरू धरायचे काम त्यांच्याकडे आहे. महिन्यातून एकदा तपासणीला जातात, आणि डॉक्टरबाई अजूनही ताटातले डावीकडचे संपले का, ते विचारतात.

वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमू लागतील. ते गोळा कसे करावेत, ते पुढील अंकी.