एलिंग्टनचा सूर आणि हॅमंडची फूटपट्टी

माझ्या एका कवितेवर एका संपादकाचा शेरा आला होता. यात तुमची मूळची धग नाही, वस्तीतलं काहीतरी पाठवा. कविता पावसावर होती. म्हणजे पाऊससुद्धा आपल्याला परवानगीनेच भिजवणार! तो कागद मी जपून ठेवलाय, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या ड्यूक एलिंग्टनची गोष्ट मला परकी वाटत नाही.

१९३५ मध्ये एलिंग्टनची आई गेली. दौऱ्यावर, रेल्वेच्या खडखडाटात त्याने ‘रेमिनिसिंग इन टेम्पो’ रचलं. तेव्हा रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. याला चार बाजू लागल्या. झालं! जॉन हॅमंड नावाचा गोरा टीकाकार खवळला. हे संगीत पोकळ आहे आणि हा माणूस आपल्या जमातीवरच्या जुलमाकडे डोळेझाक करतोय, असं त्याने छापून टाकलं. आईसाठी रडायचं ते पण टीकाकाराला विचारून?

हा हॅमंड व्हँडरबिल्ट घराण्यातल्या बाईचा मुलगा, गर्भश्रीमंत. त्याचं काम मी नाकारत नाही. कॅन्सस सिटीतल्या काउंट बेसीचा बँड त्याने गाडीच्या रेडिओवर ऐकला आणि त्याला जगापुढे आणलं. बेनी गुडमन या गोऱ्या वादकाशेजारी पियानोवर काळा टेडी विल्सन बसला, त्यामागेही हॅमंडची खटपट होती. १९३८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याने काळ्या कलावंतांचा मोठा जलसा भरवला. सगळं खरं. पण साल्या उपकाराला दोरी बांधलेली असते. बेसीच्या बँडमधून गिटारवाला क्लॉड विल्यम्स गेला आणि फ्रेडी ग्रीन आला, तो हॅमंडच्या शब्दावर. ग्रीन थोर वादक, वाद नाही. पण बँड कुणाचा? एका हाताने रेकॉर्डी काढायच्या, दुसऱ्या हाताने परीक्षणं लिहायची. वादकाने तोंड उघडायचं कसं?

आणि ‘स्विंगचा राजा’ कोण ठरला? गुडमन! त्याच्या गाजलेल्या चिजांची बांधणी करून देणारा फ्लेचर हेंडरसन काळा.

एलिंग्टन मात्र गप्प बसला नाही. १९३९ मध्ये ‘डाउन बीट’ मासिकात लेख लिहून त्याने हॅमंडला सुनावलं, की राजकीय आवेशाने तुझा निवाडा एकांगी झालाय.

मग २३ जानेवारी १९४३. कार्नेगी हॉल. एलिंग्टनने ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ सादर केलं. पाऊण तासाची रचना, अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा अख्खा इतिहास सुरांत. आता तरी हॅमंडने खूश व्हायला हवं होतं ना? आठ वर्षांपूर्वी जमात विसरला म्हणून याच माणसाने बोंब मारली होती. आता जमातीचा इतिहास मांडला, तर हा विचारतो, ड्यूक जॅझ सोडून चालला काय? शास्त्रीय संगीतवाल्या टीकाकारांनीही नाकं मुरडली. म्हणजे काळ्याने नाचाला ठेका द्यावा. विचार करायला लागला की तो बिघडला.

लेरॉय जोन्स, पुढचा अमिरी बराका, याने १९६३ मध्ये नेमकं हेच मांडलं. थोर वादक बहुतेक काळे, टीकाकार बहुतेक गोरे. आणि ज्या जगण्यातून हा सूर येतो ते टीकाकाराच्या हिशेबातच नाही.

नंतरचे एक-दोन कार्यक्रम सोडले तर एलिंग्टनने ती रचना पुन्हा सलग वाजवली नाही. तुकडे वाजवत राहिला. १९७४ मध्ये तो गेला. कार्नेगीतल्या त्या रात्रीच्या रेकॉर्डी बाजारात आल्या १९७७ साली.