नियम धावपटूला, तितकेच क्रूला

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची कोणतीही शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. काही अल्ट्रा डोंगरवाटांवर होतात, काही मैदानाला तासन्‌तास फेऱ्या मारून, तर काही चालू वाहतुकीच्या डांबरी रस्त्यावर. या शेवटच्या प्रकारात धावपटू एकटा नसतो. त्याला पाणी, बर्फ, खाणे, कोरडे मोजे पुरवणारी तीन-चार माणसे गाडी घेऊन त्याच्या मागेपुढे असतात. धावणाऱ्यांच्या बोलीत हा ‘क्रू’. रात्र सरते, दुसरा दिवस उजाडतो, तरी ही मंडळी जागीच असतात. गाडी चालवतात, रस्ता ओलांडतात, काळोखात उघड्या डिकीपाशी उभी राहतात. धावपटूसाठी नियम असतात आणि ते पाळलेही जातात. क्रूला मात्र पुष्कळ ठिकाणी नुसत्या सूचना दिल्या जातात. रस्त्यावरच्या अल्ट्रामॅरेथॉनच्या सुरक्षिततेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

जगातल्या नामांकित शर्यतींनी हा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवला आहे. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासून डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांदरम्यान धावली जाते. अंतर सुमारे ९० किलोमीटर, मुदत १२ तास. भारतातून दरवर्षी शेकडो धावपटू तिथे जातात आणि त्यांत महाराष्ट्रातले पुष्कळ असतात. तिथे रस्ता वाहनांना बंद असतो आणि पाण्याची टेबले आयोजकांची असतात. पाठीमागे गाडी घेऊन फिरणाऱ्या क्रूची गरजच उरत नाही. ग्रीसमधली स्पार्टाथलॉन १९८३ मध्ये सुरू झाली. अथेन्स ते स्पार्टा हे २४६ किलोमीटर अंतर ३६ तासांत पुरे करावे लागते. वाटेत ७५ चेकपॉइंट आहेत. क्रूने धावपटूला भेटायचे ते ठरवून दिलेल्या चेकपॉइंटवरच; मधे रस्त्यात कुठेही नाही. तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड आहे. रस्ता खुला, वाहतूक चालू आणि क्रू सतत सोबत. कॅलिफोर्नियातली बॅडवॉटर ही तिचे ठळक उदाहरण.

बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८५ मीटर खाली, डेथ व्हॅलीत सुरू होते आणि २१७ किलोमीटरनंतर सुमारे २,५३० मीटर उंचीवरच्या व्हिटनी पोर्टलला संपते. मुदत ४८ तास. याच दरीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि शर्यतही जुलैतच होते. अल आर्नल्ड या धावपटूने १९७७ मध्ये एकट्याने ही वाट पुरी केली. स्पर्धा म्हणून ती १९८७ पासून होते आहे. २०१४ मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाने क्रीडास्पर्धांच्या सुरक्षिततेचा आढावा घेण्यासाठी परवानग्या थांबवल्या आणि त्या वर्षी शर्यत वेगळ्या मार्गाने घ्यावी लागली. २०१५ मध्ये ती मूळ वाटेवर परतली ती रात्री सुरू होणारी शर्यत म्हणून. इतकी वर्षे चाललेल्या, नावाजलेल्या स्पर्धेलाही ‘आधी सुरक्षितता दाखवा’ असे सांगणारी यंत्रणा तिथे होती, हे इथल्या परवानगी देणाऱ्या कार्यालयांनी ध्यानात घ्यावे.

पहिला नियम बाजूचा. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून बॅडवॉटरचा धावपटू डाव्या कडेने, पांढऱ्या पट्टीवर किंवा तिच्या बाहेर धावतो. भारतात हे उलटे होते. इथे उजवी कड धरायची. समोरून येणारे वाहन दिसले पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. आपल्या रस्त्यांवर त्याला एक जोड मात्र द्यावी लागते. उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या इथे रोजच्या आहेत आणि उजव्या कडेने धावणाऱ्याच्या पाठीवर त्या येऊन आदळू शकतात. म्हणून दोन्ही कानांत इयरफोन घालून खुल्या रस्त्यावर धावण्याला इथे पूर्ण बंदीच हवी.

दुसरा नियम दिसण्याचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. चालकाला माणूस ओळखू यायला आणि ब्रेक दाबायला दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात ४४ मीटर संपलेले असतात. झगझगीत पिवळा किंवा पोपटी टी-शर्ट दिवसा उठून दिसतो, कारण तो रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो. रात्री त्याचा उपयोग जवळजवळ नसतो. रात्री लागतात त्या दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परतवणाऱ्या पट्ट्या. त्या नुसत्या छातीवर असून भागत नाही. छातीवरची पट्टी दुरून मैलाच्या दगडासारखी किंवा खांबासारखी भासते. घोट्यांवर आणि मनगटांवर पट्ट्या असल्या की त्यांची लय दिसते आणि ‘हा माणूस आहे’ हे चालकाला फार लवकर कळते. शिवाय या पट्ट्या दिव्याचा झोत थेट पडला तरच उजळतात, वळणावर उजळत नाहीत. म्हणून पुढे हेडलॅम्प आणि पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा हवाच. बॅडवॉटरमध्ये गाडीबाहेर पाऊल टाकणाऱ्या क्रूलाही रात्री हीच परावर्तक जाकिटे सक्तीची आहेत. आपल्याकडे धावपटूच्या अंगावर जाकीट असते आणि त्याला केळे द्यायला धावत रस्ता ओलांडणारा मित्र काळ्या ट्रॅकसूटमध्ये असतो.

गाडीचे नियम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. बॅडवॉटरमध्ये धावपटूच्या मागून त्याच्याच वेगाने गाडी रांगवत नेता येत नाही. गाडीने रस्त्याच्या नेहमीच्या वेगाने पुढे जायचे, चारही चाके पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घेऊन थांबायचे, धावपटू पुढे गेला की पुन्हा त्याला मागे टाकायचे. मागून रांगणारी गाडी ढालीसारखी वाटते खरी. पण भरधाव ट्रकच्या वाटेत ताशी आठ किलोमीटरने चाललेली गाडी हा नवा अडथळाच असतो आणि धडक बसली तर ती पुढच्या धावपटूवरच ढकलली जाते.

थांबलेल्या गाडीपाशी काय होते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. गाडी डाव्या कडेला उभी आहे. चालक उजवे दार उघडतो. ते वाहतुकीत उघडते. दोघे जण मागे जाऊन डिकी उघडतात. काही गाड्यांत मागचे दिवे डिकीच्या दारावरच असतात, ते दाराबरोबर वर जातात. उरलेले दिवे बर्फाच्या पेटीवर वाकलेल्या माणसांच्या पायांआड झाकले जातात. दोघांची पाठ येणाऱ्या वाहनांकडे आहे. कपाळावरचा हेडलॅम्प वर केला की समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. हे दृश्य एकदाच घडत नाही. दर अडीच किलोमीटरला एक थांबा धरला, तर २१७ किलोमीटरांत सुमारे ८७ थांबे होतात आणि पलीकडच्या कडेने धावणाऱ्यापर्यंत जाऊन येण्यात रस्ता पावणेदोनशे वेळा ओलांडला जातो. शंभराव्या वेळी कुणी दोन्ही बाजूंना पाहतोच असे नाही. म्हणून नियम नेमके हवेत. उतरायचे ते डाव्या दारांनी. सामान शक्यतो बाजूच्या दारातून काढायचे. एकाने ओलांडायचे, दुसऱ्याने फक्त रस्त्यावर नजर ठेवायची. बाटली धावपटूकडे जाईल, धावपटू बाटलीकडे येणार नाही. वळणावर, पुलावर आणि घाटात जिथे गाडी पुरती बाहेर घेता येत नाही तिथे थांबायचेच नाही, मग धावपटू कितीही हाका मारो. सोबत धावणाऱ्या पेसरसाठीही बॅडवॉटरचा नियम साधा आहे: एका वेळी एकच, आणि तोही धावपटूच्या मागे. दोघे गप्पा मारत शेजारीशेजारी धावू लागले की बाहेरचा नकळत डांबरावर येतो.

झोप हा क्रूचा दुसरा शत्रू. सलग २४ तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि निर्णय रक्तात ०.१० टक्का मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून दिसले. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्का आहे. मद्य न घेताही तिप्पट मर्यादा ओलांडलेला चालक धावणाऱ्यांच्या गर्दीत गाडी घालतो, याचा विचार किती आयोजक करतात? प्रत्येक गाडीत परवानाधारक चालक किमान दोन, त्यांच्या पाळ्या शर्यतीआधीच लिहून दिलेल्या, आणि पाळी नसलेल्याने झोपायचेच, ही अट प्रवेशअर्जातच असायला हवी.

धावपटूच्या प्रकृतीचे नियमही अखेर क्रूच्याच हातून पाळले जातात, कारण तीस तासांनंतर स्वतःची अवस्था ओळखण्याची शुद्ध धावपटूला राहत नाही. उष्माघातात शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. आधी गार करायचे, मग हलवायचे. बर्फाच्या पाण्यात बसवणे सर्वांत गुणकारी. टब नसेल तर थंड पाण्यात भिजवलेली चादर आणि सतत वारा. याच्या नेमका उलटा घोळ जास्त पाणी प्यायल्याने होतो. तहान नसताना पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेले की मेंदूला सूज येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अशा खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली, तोवर ‘जितके पाणी तितके चांगले’ हाच समज होता. बोटे सुजणे, घड्याळाचा पट्टा घट्ट होणे, डोके दुखणे, उलटी, वजन घटण्याऐवजी वाढणे या खुणा दिसल्या की ‘पाणी पी, पाणी पी’ हा आग्रह थांबला पाहिजे. प्रेमापोटी केलेला हा आग्रह अशा वेळी घातक ठरतो. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. आयबुप्रोफेनसारखी औषधे दमलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात.

बॅडवॉटरमध्ये शिरेतून सलाईन घेणारा धावपटू शर्यतीतून बाद होतो. अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची सवय जिथे गावोगावी आहे, त्या महाराष्ट्रात हा नियम कठोर वाटेल. पण सलाईन लावावी लागणे याचाच अर्थ शरीराने हात टेकले आहेत, आणि सोडियम आधीच पातळ झालेल्या माणसाला तपासणीशिवाय द्रव देणे त्याची स्थिती बिघडवू शकते. उपचार जरूर घ्यावेत. ते घेऊन पुन्हा रस्त्यावर उतरू नये.

कोण कुठे आहे याचा हिशेब राहिला नाही, तर बाकीचे नियम लुळे पडतात. बॅडवॉटरमध्ये प्रत्येक धावपटूला त्याचा क्रमांक असलेली एक खुंटी मिळते. विश्रांतीसाठी किंवा डॉक्टरकडे जाण्यासाठी मार्ग सोडायचा झाला की ती जमिनीत रोवायची आणि परतल्यावर तिथूनच पुढे धावायचे. लबाडीला आळा बसतोच, शिवाय शोध घेणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हे कळते. शर्यत सोडणाऱ्याने ती सोडल्याचे कळवणे म्हणूनच बंधनकारक असते. नुसत्या सूचनेचे काय होते, हे चीनमध्ये २२ मे २०२१ रोजी दिसले. कान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा, पाऊस आणि वारा आला आणि २१ धावपटू दगावले. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट तिथे सक्तीच्या यादीत नव्हते.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सकाळी धावायला आलेल्या महिलेचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. रस्त्यावरची लांब पल्ल्याची धाव महाराष्ट्राला नवी नाही. शिवजयंतीला किल्ल्यावरून, नवरात्रात तुळजापुराहून ज्योत घेऊन गावोगावची पोरे रात्रभर आळीपाळीने धावतात, पुष्कळदा अनवाणी, मागे टेम्पो आणि दुचाक्या. त्यांचा क्रू म्हणजे तो टेम्पो. त्याला मागे परावर्तक पट्टी असतेच असे नाही, चालकाच्या झोपेची विचारपूस कोणी करत नाही आणि अपघाताच्या बातम्या येत राहतात. महागडी प्रवेश फी भरणाऱ्या धावपटूला जी सुरक्षितता हवी, तीच या पोरांनाही हवी. पोलिसांनी परवानगी देताना मंडळाला चार गोष्टी विचाराव्यात: दोन चालक कोण, जाकिटे किती, मार्ग कोणता, नजीकचे रुग्णालय कोणते.

स्पर्धांसाठी याहून पुढे जावे लागेल. रस्ता बंद करता येत असेल तर कॉम्रेड्सची तऱ्हा उत्तम. येत नसेल तर क्रूला ठरलेल्या थांब्यांपुरते बांधणारी स्पार्टाथलॉनची तऱ्हा भारतीय रस्त्यांना सर्वाधिक साजेशी आहे. फिरत्या क्रूची मुभा फक्त विरळ वाहतुकीच्या मार्गांवर आणि देखरेख करणारी गस्त असेल तरच द्यावी. क्रूची चूक ही धावपटूची चूक धरावी. आधी वेळेचा दंड, मग बाद. ज्याच्यासाठी मित्र राबतात त्याची शर्यत पणाला लागली, की मित्र पट्टीच्या बाहेर गाडी लावतात.

हे नियम अंतिम रेषेपाशी संपू नयेत. पदक गळ्यात पडले, फोटो निघाले, की दोन रात्री जागलेली मंडळी त्याच गाडीत बसून दोन-अडीचशे किलोमीटर दूरच्या घराकडे निघतात. धावपटू मागच्या सीटवर पडताक्षणी झोपतो, शेजारचाही डुलक्या घेऊ लागतो, आणि चालकाला जागे ठेवणारे कोणीच उरत नाही. गावातली शाळा किंवा मंगल कार्यालय आयोजकांनी विश्रांतीसाठी आधीच घेऊन ठेवावे, क्रूच्या गाड्यांच्या किल्ल्या तिथल्या टेबलावर जमा करून घ्याव्यात आणि किमान सहा तास झोपलेल्या चालकाच्याच हाती त्या परत द्याव्यात.