घरशाळा : मुक्तीचा मार्ग की पळवाट?

मुलाला कोणत्या शाळेत घालावे, ही मध्यमवर्गीय पालकांची जुनी विवंचना आहे. अलीकडे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वस्त्यांतून तिची जागा एक नवा प्रश्न घेऊ लागला आहे : मुलाला शाळेत घालावेच कशासाठी? घर हीच शाळा, आई-बाप हेच शिक्षक आणि अभ्यासक्रम मुलाच्या कलाने, असा हा विचार असून त्यास 'होमस्कूलिंग' अथवा घरशाळा असे नाव आहे. या मार्गाने जाणारी कुटुंबे एकमेकांना पुस्तके सुचवितात, साधने निवडण्यास साहाय्य करतात, नातेवाइकांच्या टोमण्यांनी खचलेल्या पालकांना धीर देतात. संख्येने ही मंडळी थोडी आहेत. मग समाजवादी कार्यकर्त्याने त्यांची दखल का घ्यावी? कारण प्रश्न संख्येचा नाही. ज्या वर्गाने सार्वजनिक शाळेकडे प्रथम पाठ फिरविली, त्याच वर्गातील काही लोक आता शाळा या संस्थेकडेच पाठ फिरवीत आहेत. आणि या पाठ फिरविण्याला स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान लाभले आहे.

निदान खरे, उपाय खोटा

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. हे पालक शाळेवर जे आरोप ठेवतात, ते बहुतांशी खरे आहेत. घोकंपट्टी, परीक्षेची दहशत, शिकवण्यांचा बाजार, देणग्यांची लूट, मुलाच्या जिज्ञासेची पद्धतशीर हत्या, हे सारे कोणी नाकारू शकत नाही. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने १९६४ साली मुले नापास का होतात याची जी चिकित्सा केली, ती आजही वाचनीय आहे. इव्हान इलिच यांनी १९७१ साली शाळासंस्थेच्या मक्तेदारीवर केलेला हल्ला तर डाव्या विचारांच्या अनेकांना आपलाच वाटला होता.

परंतु होल्ट यांचा पुढचा प्रवासही लक्षात घेतला पाहिजे. शाळा सुधारण्याची आशा सुटली, तेव्हा त्यांनी १९७७ साली शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक काढले. म्हणजे या चळवळीचा जन्मच सुधारणेविषयीच्या निराशेतून झाला. पुढे काय घडले? १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत या चळवळीचे नेतृत्व बव्हंशी सनातनी ख्रिस्ती गटांकडे गेले. आपल्या मुलांच्या कानी उत्क्रांतिवाद पडू नये, सरकारी शाळेतील मोकळ्या वातावरणाचा स्पर्श त्यांना होऊ नये, यासाठी त्यांना घरशाळा हवी होती. मुलाच्या स्वातंत्र्यासाठी उघडलेल्या दारातून मुलावरील बापाची सत्ता आत आली. सार्वजनिक जागा रिकामी केली की ती रिकामी राहत नाही. अधिक संघटित असलेली शक्ती तिचा ताबा घेते.

साधने कोणाच्या घामाची?

घरशाळेच्या पालकांपुढील पहिला व्यावहारिक प्रश्न साधनांच्या निवडीचा. बाजारात परदेशी अभ्यासक्रमांची तयार खोकी आहेत, महागडी ॲप आहेत, केंब्रिजच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची सोय आहे. यांपैकी जे पालक खरोखर विचारी आहेत, ते या बाजाराला भुलत नाहीत. ते गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक वाचतात. 'एकलव्य' संस्थेची विज्ञानपुस्तके आणतात. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंपासून बनविलेल्या खेळण्यांतून मुलाला गतीचे नियम शिकवितात. बालभारतीची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेतात. निवड उत्तम आहे. पण ही साधने निर्माण कशी झाली?

ताराबाई मोडक यांनी गिजुभाईंसमवेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केले. हे शिक्षण शहरी सुखवस्तू मुलांपुरते राहू नये, म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डीला गेल्या. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुले गुरांमागे रानात जातात म्हटल्यावर शाळा रानात नेली, ती कुरणशाळा. मूल मोकळे असावे हा आग्रह त्यांचाही होता. पण त्यांनी मुलाला शाळेतून सोडविले नाही, शाळेला भिंतींतून सोडविले. घरशाळा आणि कुरणशाळा यांतील सारा वर्गीय फरक या एका गोष्टीत आहे.

'एकलव्य'च्या मुळाशी असलेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातील १६ ग्रामीण सरकारी शाळांत सुरू झाला. अरविंद गुप्ता यांची खेळणीही त्याच मातीतली. खेड्यातील मुलाने पाठांतर न करता स्वतः प्रयोग करून शिकावे, हा त्याचा ध्यास होता. तीस वर्षांनी, २००२ साली, राज्य सरकारने तो बंद केला. सरकारी शाळेतील मुलांच्या हातून प्रयोग काढून घेतला गेला. पुस्तके मात्र शहरी घरांच्या फडताळात सुरक्षित राहिली. जे बहुजनांच्या मुलांसाठी घडविले, ते मूठभरांच्या मुलांचा ठेवा बनावे, याहून क्रूर विडंबन कोणते?

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमक्या याच अन्यायावर बोट ठेवले होते. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे सांगून त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सक्ती हा शब्द आज घरशाळावाद्यांना काचतो. पण रयतेच्या पोरासाठी ती सक्ती मुलावर नव्हती. ती शासनावर होती, मुलाला राबविणाऱ्या मालकावर होती. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ती प्रत्यक्षात आणली.

टाळेबंदीचा धडा

घर ही शाळा होऊ शकते काय, याचा अनुभव साऱ्या महाराष्ट्राने मार्च २०२० नंतर घेतला. शाळांना कुलुपे लागली आणि कोट्यवधी मुलांवर घरशाळा लादली गेली. ज्या घरात खोली, पुस्तके, यंत्रे आणि शिकलेली माणसे होती, तेथील मुले तरली. ज्या घरात बापाच्या खिशात एकच मोबाइल होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, तेथील मुले अक्षरे विसरली. कित्येक ऊसतोडीच्या फडावर गेली, कित्येक मुलींची लग्ने उरकली गेली. घर ही समतेची जागा नाही. जेवढी विषमता समाजात आहे, तेवढीच ती घराघरांत आहे.

आणि सुशिक्षित घरातही ही शाळा चालविते कोण? बहुधा आई. कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या तीस मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. त्याला वेतन आहे, रजा आहे, संघटना आहे. घरशाळेत एकदोन मुलांमागे एका स्त्रीचा सारा दिवस जातो आणि त्याला वेतन नाही, सुट्टी नाही, नावही नाही. नोकरी सोडून घरी परतलेल्या या स्त्रीच्या श्रमांवर जी मुक्ती उभी आहे, तिला मुक्ती म्हणावे काय?

येथे एक अपवाद निःसंदिग्धपणे नोंदविला पाहिजे. तीव्र अथवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि तो न्याय्य आहे. जातीवरून वा व्यंगावरून छळ झाल्याने ज्याचे मूल शाळेच्या नावाने थरथरते, त्या पालकालाही दोष देता येणार नाही. त्याला शाळेने बाहेर ढकलले आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात शाळा उभी राहिली पाहिजे, तो पालक नव्हे.

उपदेशापूर्वी आत्मपरीक्षण

तथापि घरशाळेच्या पालकांना पलायनवादी म्हणून मोकळे होण्याचा अधिकार चळवळीला आज आहे काय? पुरोगामी पक्षांच्या किती कार्यकर्त्यांची, किती नेत्यांची मुले जिल्हा परिषदेच्या वा महापालिकेच्या शाळेत शिकतात? सभेत मातृभाषेचा जयघोष आणि घरी इंग्रजी माध्यमाचा दाखला, हा दुटप्पीपणा सामान्य माणसाच्या नजरेतून सुटलेला नाही. घरशाळेचा पालक निदान आपल्या विचारासाठी स्वतः झिजतो. शाळा ज्यांनी आधीच सोडली, त्यांनी शाळा सोडणाऱ्याला शिव्या देऊ नयेत.

कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळेची आणि शेजारशाळेची शिफारस केली : गरीब-श्रीमंताची मुले एकाच बाकावर बसावीत. त्यापासून देश किती दूर गेला, ते अलीकडच्या घटना सांगतात. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरविले. सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून मोकळे करणारी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. ती त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. ती लढाई काही जागरूक पालक-संघटनांनी न्यायालयात लढली. रस्त्यावर पक्ष कोठे होते?

धीर कोणी कोणाला द्यावा?

घरशाळेच्या पालकांना धीर हवा असतो. तो त्यांना त्यांच्यासारख्यांकडून मिळतो. डोंगरावरच्या वस्तीत मुलाला दोन ओढे ओलांडून शाळेत धाडणाऱ्या आईला धीर कोण देणार? हे काम पक्षाचे आहे, आणि त्याचे हत्यार कायद्यात पडून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचा अधिकार सरकारी शाळांत तिला आहे. अनेक गावांत ती कागदावरच आहे आणि सभासदांना आपण सभासद आहोत हेही ठाऊक नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक शाळा घ्यावी, समितीच्या बैठका लावाव्यात, आराखडा वाचून घ्यावा, रिक्त शिक्षकपदांसाठी पंचायत समितीवर मोर्चा न्यावा.

आणि घरशाळेच्या पालकांना शत्रू न मानता हाक घालावी. त्यांनी जमविलेली पुस्तके, खेळणी, प्रयोग आणि मुख्यतः मुलाकडे पाहण्याची दृष्टी यांची गरज कोपऱ्यावरच्या महापालिका शाळेला आहे. त्यांच्या मुलालाही दहावीला बसायचे तर १७ नंबरचा फॉर्म घेऊन कोणत्या तरी शाळेच्या दारात यावेच लागते. त्या दारात शेवटच्या दिवशी अर्जदार म्हणून येण्यापेक्षा पहिल्या दिवशी भागीदार म्हणून यावे. एका मुलाची सुटका घरात होऊ शकेल; सर्व मुलांची सुटका शाळेतच व्हावयाची आहे, आणि ती शाळा लढूनच मिळवावी लागेल.