करवतकाठीचे कसब आणि विणकराचा खिसा

मेहनत आणि गुण असले की पैसा आपोआप येतो, हे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळीकडे ऐकवले जाते. तसे असते तर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणकरांनी केव्हाच माड्या बांधल्या असत्या. ते विणतात त्या करवतकाठी साडीला तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. बाण्याच्या प्रत्येक फेरीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात हाताने अडकवावा लागतो, तेव्हा कुठे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. या कसबाला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे गुणवत्तेवर सरकारी शिक्का बसलेला आहे. हातमागाचे एकंदर अर्थकारण मात्र निराळेच सांगते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला पाच हजार रुपयांच्या आत निघाले.

मग पैसा अडतो कुठे? जो विणकर व्यापाऱ्याच्या सुतावर नगाच्या मजुरीने विणतो, त्याच्या हाती मजुरीच पडते. शहरातल्या दुकानात साडीचा भाव चढला, तरी मजुरी त्याच्यासोबत चढेलच असे नाही. येवल्याची पैठणी पाहा. तिथला कारागीर आंधळगावच्या कारागिराहून जास्त राबतो, असे कोणी म्हणणार नाही. पण शिर्डी-नाशिकची वर्दळ गिऱ्हाईक थेट त्याच्या गावात आणून सोडते. विदर्भातल्या विणकराच्या गावात अशी वर्दळ येत नाही.

कष्टाने वर आलेले लोक आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत. पण आपण पोहोचलेल्यांनाच मोजतो. तितकेच राबून जागीच राहिलेल्यांचे सत्कार होत नाहीत. इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली संगणकावर एक हजार काल्पनिक माणसांची चाळीस वर्षांची कारकीर्द चालवून पाहिली. सर्वांत श्रीमंत झाले ते सर्वांत गुणी नव्हे, तर मध्यम गुणांचे आणि नशीबवान. ते शेवटी गणितच, खरे आयुष्य नव्हे; पण शेखी मिरवणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. व्यापारी भांडवल गुंतवतो, माल पडून राहण्याची जोखीम घेतो, मग नफा त्याचाच. मान्य. पण मग तो नफा भांडवलाचा आणि जोखमीचा झाला, कसबाचा नव्हे. माझेही म्हणणे तेवढेच आहे.

म्हणून विणकराला पुन्हा प्रशिक्षण शिबिरात बसवू नका. ज्याचा हात आधीच बसलेला आहे, त्याला काय शिकवणार? त्याला स्वस्त दरात सूत द्या, माल विकेपर्यंत तग धरता येईल इतके खेळते भांडवल द्या. मुंबई-कोलकाता महामार्ग भंडारा शहराजवळून जातो, नागपूर जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. जिल्हा प्रशासनाने या महामार्गावर विणकरांनीच चालवायचे एक विक्री केंद्र उभे करावे.